पेटी चौथ्या दिवशी रिकामी: वाघाटी, लेपर्ड कॅट आणि रानमांजराची वीण का फुकट जाते

प्राणिसंग्रहालयांतून तक्रार बहुतेक वेळा त्याच शब्दांत येते. जोडी धडधाकट आहे, मादी माजावर येते, नर तिच्या मागे मागे असतो, पोट सुटल्यासारखं वाटतं आणि मग काहीच घडत नाही. नाहीतर एखाद्या सकाळी व्यायच्या लाकडी पेटीतून बारीक चीं-चीं ऐकू येते, सगळे खूश होतात, आणि चौथ्या दिवशी पेटी रिकामी. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. मग कोणीतरी सुचवतं, नर बदला. दुसरा म्हणतो, हॉर्मोनची इंजेक्शनं द्या. गोव्यासारख्या दमट मुलखात खोट बहुधा नरात नसते आणि हॉर्मोनमध्येही नसते. ती पेटीत, महिन्यात आणि माणसांच्या वर्दळीत असते. पण हे अंदाजाने म्हणून चालत नाही, दिवस मोजून ठरवावं लागतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘वाघाटी’ हे नाव आपल्याकडे दोन जातींना लावतात. इथे वाघाटी म्हणजे रस्टी-स्पॉटेड कॅट, जेमतेम एक ते दीड किलोची, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. ठिपक्याठिपक्यांची, घरच्या मांजराएवढी ती लेपर्ड कॅट. आणि रानमांजर म्हणजे लांब पायांचा, आखूड शेपटीचा बाऊल. तिघांचं गणित सारखं असलं तरी मापं वेगळी आहेत, म्हणून जात बघूनच पुढचे आकडे वापरावेत.

दिवस मोजा, मग दोष शोधा

भिंतीवर एक साधं कॅलेंडर टांगा आणि त्यावर चारच गोष्टी लिहा: माजाची खूण दिसली तो दिवस, मीलन दिसलं तो दिवस (कॅमेऱ्यात दिसलं तरी चालेल), रोज किती खाल्लं, आणि आठवड्याचं वजन. माजाच्या खुणा घरच्या मांजरीसारख्याच असतात: जमिनीवर लोळणं, खांबाला गाल घासणं, रात्री घुमत ओरडणं, शेपूट बाजूला टाकून मागचा भाग उचलणं. वाघाटीत हे इतकं गुपचूप चालतं की दिवसपाळीच्या कीपरला वर्षभर काहीच दिसत नाही. ते फक्त कॅमेऱ्याला दिसतं.

आता दोन माजांमधलं अंतर बघा. मांजरवर्गात बीज आपोआप सुटतंच असं नाही, बहुतेक वेळा ते मीलनाच्या चेतनेने सुटतं. त्यामुळे अंतर बरंच काही सांगतं. घरच्या मांजरीवरून बसवलेला हा ढोबळ हिशेब आहे, रानटी जातींत चारपाच दिवस इकडेतिकडे होतात.

माज दोन ते तीन आठवड्यांनी परत आला, तर बीज सुटलेलंच नाही. मीलन झालं नाही किंवा पुरेसं झालं नाही.

साधारण पाच ते सात आठवड्यांनी परत आला, तर बीज सुटलं पण गर्भ राहिला नाही, याला खोटं गाभणपण म्हणतात. नाहीतर गर्भ राहून आतच जिरला.

साठ ते सत्तर दिवस शांतता, मग एक-दोन दिवस मादी दिसेनाशी, खाणं कमी, त्यानंतर अचानक भूक वाढली, आणि पुढे काही आठवड्यांत पुन्हा माज: मादी व्यालेली होती. पिल्लं झाली आणि गेली. ‘आमच्याकडे गर्भच राहत नाही’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींतही हा प्रकार बराच लपलेला असतो. खात्री करायची तर स्तनाग्रांभोवतीचे केस झडलेत का ते बघा, आणि त्या दोन-तीन दिवसांची विष्ठा फोडून बघा. बारीक मऊ केस आणि नखांचे कण सापडले, तर हिशेब स्पष्ट आहे.

पिल्लं तीन आठवडे जगून मग एकेक करून गेली, तर तो वेगळाच विषय आहे. तिथे पिसवा, जंत, कॅल्शियम आणि पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य रोग बघायचा. त्याबद्दल शेवटाकडे.

पहिला प्रकार: मीलनच होत नाही

सर्वांत मोठी चूक वेळेची. नर-मादी सकाळी साफसफाईच्या वेळी तासभर एकत्र सोडतात आणि संध्याकाळी वेगळे करतात. ही निशाचर जनावरं आहेत. शिवाय एका मीलनाने बीज सोडवणारं ल्यूटिनायझिंग हॉर्मोन पुरेसं सुटत नाही. घरच्या मांजरीतही एकदाच मीलन झालं तर सुमारे निम्म्या माद्यांतच बीज सुटतं. माजाची खूण दिसली की दोघांना सलग तीन रात्री एकत्र ठेवा, संध्याकाळी सोडा आणि सकाळी कीपर आल्यावर वेगळे करा. तीन रात्रींत थोड्या थोड्या अंतराने अनेक मीलनं झाली की काम होतं.

नवी जोडी असेल तर आधी मधल्या जाळीतून दोन ते चार आठवडे ओळख होऊ द्या. एकीच्या अंथरुणातलं गवत दुसऱ्याच्या खोलीत टाका आणि उलटही करा. जाळीपाशी फुसकारणं थांबलं, दोघं जाळीला लागून बसू लागली, की मगच दार सरकवा. सोडताना दोन्ही बाजूंना पळायला वाट आणि दोन उंच फळ्या हव्यात. एकच फळी असली की तिच्यावरून भांडण होतं आणि नुकसान लहान असणाऱ्याचं होतं.

एका पिंजऱ्यात एकच जोडी. दोन माद्या आणि एक नर ठेवून ‘शक्यता वाढवू’ हा हिशेब कोंबड्यांचा आहे, इथे चालत नाही. पिल्लूपणापासून एकत्र वाढलेली भावंडं एकमेकांकडे बघतही नाहीत आणि बघितली तरी तो रक्तसंबंध नको. माणसाने बाटलीवर एकटी वाढवलेली मादी नराला जवळ येऊ देत नाही, हेही नेहमीचं आहे.

दुसरा प्रकार: बीज सुटतं, गर्भ राहत नाही

इथे आधी मादीचं वजन बघा. पिंजऱ्यातली लेपर्ड कॅट चार-पाच किलोची गुबगुबीत झाली असेल तर तिला माज येईल, पण गर्भ राहणं कठीण. त्यासाठी खाण्याच्या फळीखाली वजनकाटा बसवा. मादी रोज स्वतःहून चढते, पकडायची गरज नाही.

मग आहार. नुसत्या बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही: शंभर ग्रॅम मांसात सुमारे २०० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि जेमतेम १० मिलिग्रॅम कॅल्शियम. मांसाहारी जनावराला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा थोडं जास्तच लागतं. म्हणून बीफ किंवा चिकनचं बिनहाडाचं मांस देताना दर किलोला ५ ते ६ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट नीट चोळून घालावं. मांसाच्या ढिगावर भुरभुरवलेली पावडर ताटात राहते आणि पोटात जात नाही. याहून चांगलं म्हणजे आठवड्यातले निदान चार दिवस अख्खं भक्ष्य द्यावं: उंदीर, लावे, एक दिवसाची कोंबडीची पिल्लं. अख्ख्या भक्ष्यात हाड, आतडी, यकृत, टॉरिन (मांजरांना अत्यावश्यक अन्नद्रव्य) सगळं येतं. टॉरिनची कमतरता झाली की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय फुगतं, गर्भ जिरतो. मांस उकळून पाणी फेकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की टॉरिन त्या पाण्यातच गेलं.

गोव्यात आणखी एक मोह असतो, स्वस्त मासळीचा. तारल्यांसारख्या काही माशांत थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) मोडणारं एन्झाइम असतं. रोज कच्चे तारले घातले की काही आठवड्यांत मान वाकडी होणं, तोल जाणं, झटके सुरू होतात. तेलकट मासा सतत घातला आणि ई जीवनसत्त्व दिलं नाही, तर चरबी पिवळी पडून दुखरी होते आणि जनावर हात लावू देत नाही. मासा आठवड्यातून एकदा, चवीपुरता.

रोजचं प्रमाण: वाघाटीला ८० ते १०० ग्रॅम, लेपर्ड कॅटला १५० ते २००, रानमांजराला ३०० ते ४००. मोठ्या मांजरांना पाळायचा आठवड्याचा उपासाचा दिवस या छोट्यांना लावू नका. दीड किलोच्या जिवाला तो उपास जड जातो, आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला तर तो कधीच नको. तिचं खाणं उलट दुप्पट करावं लागतं, दिवसातून दोनदा वाटून.

इतकं सगळं जागेवर असूनही दोन-तीनदा खोटंच गाभणपण आलं, तर नराकडे वळा. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली उकडणाऱ्या नराच्या शुक्रजंतूंचा दर्जा उतरतो. पत्र्याच्या जागी मंगलोरी कौलं आणि खाली मोकळी हवा एवढ्याने फरक पडतो. वीर्याची तपासणी भूल देऊन होते, ती डॉक्टरचीच बाब आहे. विष्ठेतून हॉर्मोन मोजायची सोय हैदराबादच्या ‘लॅकोन्स’ या प्रयोगशाळेत आहे. गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात विष्ठेत प्रोस्टाग्लँडिनचा एक घटक वाढतो, खोट्या गाभणपणात तो वाढत नाही. मादीला हात न लावता खरं-खोटं ओळखायला त्याचा उपयोग होतो.

तिसरा प्रकार, आणि खरा रोग: पेटी

व्यायला टेकलेली मादी जागा शोधताना तीन गोष्टी बघते: काळोख, कोरडेपणा, आणि मागून कोणी येऊ शकत नाही याची खात्री. यातली एक जरी चुकली तरी ती पिल्लं तोंडात धरून रात्रभर फिरते. मानेवर, पाठीवर दातांचे व्रण असलेली मेलेली पिल्लं सापडतात आणि कीपर म्हणतो, ‘आईने मारली.’ तिने मारली नाहीत. ती त्यांना हलवत होती, आणि हलवायला जागाच नव्हती.

म्हणून पेट्या नेहमी दोन. शक्यतो तीन, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, वेगवेगळ्या उंचीवर. आतली मापं:

वाघाटीला ४५ × ३५ × ३५ सेंटिमीटर, दार १२ ते १३ सेंटिमीटर.
लेपर्ड कॅटला ६० × ४० × ४०, दार १८ सेंटिमीटर.
रानमांजराला ७५ × ५० × ५०, दार २५ सेंटिमीटर.

याहून मोठी पेटी ‘मोकळीढाकळी’ म्हणून देऊ नका. मादीला अंगाला भिंत टेकलेली हवी असते. आत दाराला आडवी एक फळी घालून दोन कप्पे करा, म्हणजे बाहेरून थेट पिल्लांपर्यंत नजर जाणार नाही आणि पावसाची तिरकी सर आत येणार नाही. दाराचा उंबरठा आतून १० ते १२ सेंटिमीटर उंच ठेवा. दुधाला लोंबलेलं पिल्लू आई बाहेर पडताना तिच्यासोबत फरफटत येतं, उंबरठ्याला अडून सुटतं आणि पेटीत परत पडतं. उंबरठा नसेल तर ते खाली फरशीवर सापडतं, थंड झालेलं.

लाकूड १८ मिलिमीटर मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्का बघून घ्या. साधं प्लाय इथल्या दुसऱ्या पावसाळ्यात फुगून पापुद्रे सोडतं. आतून रंग, पॉलिश, वाळवीचं औषध काहीही लावू नका. तळाला ८ मिलिमीटरची सहा भोकं आणि खाली १० सेंटिमीटरचे पाय. पाय पाणी भरलेल्या वाट्यांत उभे करा, नाहीतर नवजात पिल्लांना आधी मुंग्या गाठतात. नाळेच्या ओलसरपणावर त्या येतात आणि हुमले (चावऱ्या लाल मुंग्या) असले तर विचारूच नका. वाघाटी आणि लेपर्ड कॅटची पेटी जमिनीपासून ६० ते १२० सेंटिमीटर उंच, पुढे कड असलेली फळी लावून. रानमांजराची जमिनीलगत, त्या पायांवरच.

पेटीचं झाकण पिंजऱ्याच्या बाहेरून, कीपरच्या बोळातून उघडणारं असावं. म्हणजे अडचणीच्या वेळी मादीच्या खोलीत पाय न टाकता हात घालता येतो. आणि झाकणाला आतून एक छोटा इन्फ्रारेड कॅमेरा लावा, ९४० नॅनोमीटरचा. ८५० चा घेतला तर त्याचा लालसर ठिपका दिसतो. कॅमेरा अपेक्षित तारखेच्या निदान तीन आठवडे आधी बसवा. आदल्या दिवशी बसवलेला कॅमेरा हेच पेटी सोडायचं कारण होतं.

अंथरूण म्हणजे दुसरा सापळा. भाताचा पेंढा इथे सहज मिळतो, पण जूननंतर त्याला चारपाच दिवसांत बुरशी लागते. पेंढा वापरायचाच तर एप्रिल-मेच्या उन्हात खडखडीत वाळवून झाकणाच्या पिंपात भरून ठेवलेला, आणि दर वेळी मूठभरच बाहेर काढायचा. काथ्याचा सुटा धागा कधीही नको. तो पिल्लांच्या पायाला, मानेला वेढा घालतो आणि सूज येऊन पाय जातो. गोधडीच्या दोऱ्यांचंही तेच. तळाला घट्ट विणलेलं काथ्याचं पायपुसणं, त्यावर पाच-सहा सेंटिमीटर वाळकं गवत किंवा जाड लाकडी छिलके. बारीक भुसा नको, तो नाकात जातो.

‘गोव्यात थंडी नाही, मग पिल्लं गारठतात कशी?’

ओलीने. नवजात पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही, पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती तीस अंशांच्या आसपास तापमान लागतं. जुलैत बाहेर २५ अंश आणि हवेत नव्वद टक्के ओलावा असतो. वाघाटीचं जन्मतःचं वजन साधारण ६० ते ७७ ग्रॅम, म्हणजे तळहातावर मावेल एवढा जीव. ओल्या अंथरुणात आई अर्धा तास बाहेर गेली तरी तो थंड पडतो. थंड पडलेलं पिल्लू दूध ओढत नाही, दूध न ओढणाऱ्या पिल्लाला आई बाजूला टाकते, आणि बाजूला टाकलेलं पिल्लू ती खाऊन टाकते. पेटी रिकामी.

उपाय साधा आहे. पेटीच्या एका कोपऱ्याखाली, बाहेरून, थर्मोस्टॅटचं हीटिंग पॅड लावा, ३० अंशांवर. एकाच कोपऱ्याला, म्हणजे आई आणि पिल्लं हवी तर सरकू शकतील. यात दुहेरी फायदा आहे: २५ अंशांची नव्वद टक्के ओलाव्याची हवा तीस अंशांना नेली की तिचा सापेक्ष ओलावा आपोआप सदुसष्ट टक्क्यांच्या आसपास उतरतो. बल्ब लावू नका. उजेड होतो, आणि नेमका पावसात फुटतो. आणि हो, पॅड इन्व्हर्टरवर जोडा. आषाढात वीज जाते ती रात्रीच जाते.

भिंतीही बघायला हव्यात. चिऱ्याची भिंत दिसायला सुंदर, पण चिरा पाणी शोषतो आणि दिवाळीपर्यंत सोडत नाही. रात्रीच्या खोलीत आतून मीटरभर उंचीपर्यंत घोटून सिमेंटचा गिलावा करा. त्याने ओल तर थांबतेच, पण चिऱ्याच्या भोकांत विषाणू आणि पिसवांची अंडी लपायची सोयही जाते. पेटी भिंतीला चिकटवू नका, पाच सेंटिमीटर फट सोडा.

माणसं

१९९३ मध्ये अमेरिकेत लेपर्ड कॅटवर झालेल्या एका अभ्यासात उघड्याबोडक्या पिंजऱ्यातल्या मांजरांना फांद्या आणि लपायच्या जागा दिल्यावर त्यांच्या मूत्रातलं कॉर्टिसोल हे ताणाचं हॉर्मोन उतरलं आणि येरझारा कमी झाल्या. लपायला जागा दिली की ‘प्राणी दिसत नाही’ म्हणून प्रेक्षकांची कुरकुर येते, ती सोसावी. पिंजऱ्याच्या पुढच्या भागाला निम्म्या रुंदीपर्यंत बांबूच्या चटया किंवा झुडपं लावा आणि प्रेक्षक एकाच बाजूला ठेवा. चारी बाजूंनी माणसं फिरतात असा गोल पिंजरा या जातींना नालायक आहे. बिबट्याच्या पिंजऱ्याशेजारची जागाही नको. वास पुरेसा असतो.

कीपरने मात्र लपायचं कारण नाही. १९९१ मध्ये छोट्या रानमांजरांच्या पैदाशीवर झालेल्या तुलनेत असं दिसलं, की जिथे कीपर जनावरांशी बोलतो, त्यांच्यासाठी वेळ काढतो, तिथे पैदास चांगली होते. तेव्हा माणूस एकच ठेवा, वेळ एकच ठेवा, आणि येताना आवाज करून या. बदलीचा कीपर, नवा झाडूवाला, पाहुणे अधिकारी यांना अपेक्षित तारखेच्या आधी दहा दिवस ते नंतर तीन आठवडे बंदी. अधिकाऱ्यांना स्क्रीनवर दाखवा.

साफसफाईत काळं फिनाइल आणि क्लोरोझायलेनॉलची (डेटॉलसारखी) जंतुनाशकं बंद करा. मांजरवर्गाच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. पायाला लागलेलं चाटून पोटात जातं. दुसरं, रोज सगळं धुऊन काढलं की मादीने घासून ठेवलेला स्वतःचा वास जातो, आणि तिच्या लेखी ते घर परक्याचं होतं. आज एक अर्धा, परवा दुसरा अर्धा असं धुवा. फळ्या आठवड्यातून एकदाच. वीण जवळ आली की पेटीच्या खोलीत फक्त विष्ठा आणि उरलेलं मांस उचला, पाणी मारू नका.

नराला अपेक्षित तारखेच्या दहा दिवस आधी वेगळा करा. लेपर्ड कॅटच्या काही जुन्या जोड्यांत नर त्रास देत नाही, पण पहिल्या विणीला हा जुगार नको. त्याला शेजारच्याच खोलीत ठेवा, पण मधल्या जाळीवर फळी लावून. नजरेसमोर असला तर मादी पहाऱ्यातच अडकते.

जाळी, साप, भटकी मांजरं

गोव्यातल्या बोंडला प्राणिसंग्रहालयासारख्या जंगलाच्या कुशीतल्या जागेला शेजारी चालून येतात. एक इंची वेल्डमेश वाघाटीच्या मोठ्या जनावराला पुरते, पण धामण आणि नाग आत येतात आणि पाच आठवड्यांचं पिल्लू बाहेर जायला बघतं. खालच्या मीटरभराला अर्धा इंची जाळी लावा, जमिनीत ३० सेंटिमीटर गाडून. छपरावर टेकलेल्या फांद्या मिरगाआधी छाटा.

भटकी मांजरं हा त्याहून मोठा धोका. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू बाहेर वर्षभरही टिकतो, अल्कोहोलने आणि नेहमीच्या क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकांनी मरत नाही. त्याला ब्लीचच लागतं: चार-पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटर पाण्यात ३० मिलिलिटर, किंवा तीस टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर लिटरला ६ ग्रॅम. आधी साबणाने घाण काढा, कारण घाणीवर ब्लीच वाया जातं, मग दहा मिनिटं ओलं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. जनावर आत असताना नाही. कीपरच्या घरी मांजर असेल तर बुटांची एक जोडी प्राणिसंग्रहालयातच राहील अशी व्यवस्था करा. रानमांजराच्या बाबतीत आणखी एक अडचण: माजावरची मादी घरच्या बोक्याला बोलावते आणि त्यांचा संकर होतो. जाळी दुहेरी, मध्ये निदान फूटभर अंतर.

लस मारलेल्या विषाणूचीच द्यावी. जिवंत, सौम्य केलेल्या विषाणूची लस रानटी मांजरांत रोगच उभा करू शकते, आणि गाभण मादीत पिल्लांच्या लहान मेंदूवर घाला घालते. पिल्लांना आठव्या आठवड्यापासून, तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने, सोळाव्या आठवड्यापर्यंत.

तीन आठवड्यांनंतर जाणाऱ्या पिल्लांत हिरड्या उघडून बघा. पांढऱ्याफटक असतील तर पिसवा किंवा हुकवर्म (रक्त शोषणारे जंत). पाय वाकडे, चालताना ओरडणं असेल तर आईला कॅल्शियम कमी पडलं होतं. उलटी, पाण्यासारखी हगवण आणि चोवीस तासांत मरण असेल तर पॅनल्यूकोपेनिया धरूनच चाला.

पिल्लू उचलायचं कधी?

शक्यतो नाही. कॅमेऱ्यात पिल्लू आईपासून दूर एकटं पडून आहे, हालचाल मंद आहे आणि आई दोन तास फिरकलेली नाही, तेव्हाच. उचलल्यावर पहिलं काम दूध नव्हे, ऊब. अंगाचं तापमान ३५ अंशांच्या वर येईपर्यंत तोंडात थेंबही घालू नका. थंड पोटात दूध जिरत नाही आणि फुप्फुसात जातं. नंतर मांजराच्या पिल्लांसाठीचं तयार दूध, गाईचं नव्हे. ७० ग्रॅमच्या वाघाटीला दिवसभरात १० ते १४ मिलिलिटर, आठ वेळा वाटून, म्हणजे एका वेळी दीड मिलिलिटरच्या आसपास. सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज आणि मऊ टोक. पिल्लू पालथं धरा, उताणं नाही. प्रत्येक दुधानंतर कोमट ओल्या कापसाने खालचा भाग पुसून लघवी-शी करवा. वजन रोज त्याच वेळी. दोन दिवस वाढ थांबली तर डॉक्टर.

कुळागरात (सुपारीच्या बागेत), उसात सापडलेली पिल्लं लोक ‘अनाथ’ म्हणून आणून देतात. ती बहुतेक वेळा अनाथ नसतात, आई संध्याकाळी परत येते. त्यांना जागेवरच टोपलीखाली राखून रात्री आईकडे जाऊ देणं हे वन खात्याचं काम आहे. पैदाशीसाठी अशी पिल्लं ठेवून घेणं बेकायदा आहे: वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-आय कलमाखाली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय प्राणी घेता-देता येत नाही. बाहेरून जोडी आणून रक्त बदलायचं म्हटलं तरी बघावं लागतं. २०१० च्या सुमारास युरोपातल्या सात प्राणिसंग्रहालयांत ४५ वाघाट्या होत्या, पण त्या श्रीलंकेच्या वंशाच्या. आपल्या वाघाटीत ते रक्त मिसळायचं नाही.

महिना निवडा

गोव्याच्या अक्षांशावर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत पावणेदोन तासांचाच फरक. थंड प्रदेशातल्या जातींसारखं इथे उजेडावर ऋतू ठरत नाही, आणि या मांजरी वर्षभरात अनेकदा माजावर येतात. म्हणजे महिना ठरवणं आपल्या हातात आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो कोणी ठरवतच नाही. जोडी बारा महिने एकत्र असते आणि वीण पडेल तेव्हा पडते.

गर्भकाळ ६६ दिवस धरून उलटा हिशेब करा. जूनच्या शेवटी मीलन झालं, २५ तारखेला समजा, तर वीण ३० ऑगस्टला. पेटी ओली, वीज बेभरवशाची, आणि पुढेमागे चवथीचे फटाके. ऑगस्टअखेर मीलन झालं तर पिल्लं दिवाळीच्या तोंडावरच्या नरकासुराच्या रात्रीच्या आसपास, जेव्हा गावागावांत पहाटेपर्यंत स्पीकर धडधडत असतात. याउलट नर-मादी फक्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकत्र आणली, तर वीण ५ फेब्रुवारीच्या आसपास. हवा कोरडी, शाळांच्या सहली उरकत आलेल्या. पिल्लं मेच्या शेवटी सोळा आठवड्यांची होतात, शेवटची लस टोचून होते, आणि मिरग लागेपर्यंत ती स्वतः खाणारी असतात.

तेव्हा या वर्षीची वीण पावसात गेली असेल, तर मादी काही आठवड्यांत पुन्हा माजावर येईल, तो माज जाऊ द्या. जाळीची फळी लावून नर वेगळा ठेवा, मादीचं वजन जागेवर आणा, गणपती-दिवाळी जाऊ द्या. ऑक्टोबरच्या उन्हात दोन्ही पेट्या बाहेर काढून आठवडाभर वाळवा, पॅड आणि कॅमेरा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालू करून बघा. मग डिसेंबरात दार सरकवा.